संक्रांतीची ऊब

जिन्याखालच्या मांजरीला पिल्लं झाली, म्हणून मी खोक्यात गोणपाट अंथरून दिलं होतं. संक्रांतीच्या सकाळी पाहते तर खोकं कचऱ्याच्या डब्यात आणि पिल्लं गार फरशीवर एकमेकांत तोंड खुपसून पडलेली. मी कचऱ्यातून गोणपाट उपसत होते, तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन खाली आले. अंगावर शाल, हातात स्टीलचा डबा.

"मीच फेकायला लावलं. घाण नुसती! बरं, तिळगूळ घ्या, गोड बोला. थंडीत तीळ खावेत हो, अंगात ऊब राहते."

पुढे आलेली वडी पाहून मी हात मागे घेतला. हाताला कुजक्या भाजीचा वास येत होता, पण किळस त्याची नव्हती. दरवर्षी एवढे तीळ खातो हा माणूस. ती ऊब जाते कुठे?