खोट्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज

पेटीतले माझेच जुने ब्लाउज काढले, इस्त्री केली, त्यांना खोट्या गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाचल्या आणि ओट्यावरून दिसतील असे दोरीवर टांगले — असला शहाणपणा मी एका डिसेंबरात केला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही. नात तर मला फार सरळ आजी समजते. समजू दे बापडी.

तेव्हा मी पन्नाशीची. म्हणजे अक्कल यायचं वय केव्हाच उलटून गेलेलं. सुप्याला घरीच ब्लाउज शिवायचे. मालक मीच, कारागीर मीच, मशीन अडलं की मेकॅनिकही मीच. वर्ष सरत आलं की मला खुमखुमी यायची — पुढच्या वर्षी धंदा वाढलाच पाहिजे. पण कसा? त्या वर्षी दाढ दुखली म्हणून नगरला गेले. एकाच रस्त्यावर दोन दवाखाने. एक रिकामा, दुसऱ्यात उभं राहायला जागा नाही. मी ठणकती दाढ घेऊन मुकाट गर्दीत जाऊन उभी राहिले. का बरं? रिकाम्या दवाखान्यातला डॉक्टर वाईट, असं मला कुणी सांगितलं होतं? येताना एसटीत हाच विचार — आणि तिथंच ते खूळ डोक्यात शिरलं.

नावं शोधताना काय मजा आली म्हणून सांगू! जगात नसलेल्या एका बाईला मी इंजिनिअरची बायको करून टाकलं. मोबाईलवर स्टेटस ठेवलं — 'ऑर्डर फुल. संक्रांतीनंतर भेटा.' फरक पडला? पडला की! शिलाईवरून घासाघीस करणाऱ्या बायका "ताई, आमचा तेवढा कुठंतरी बसवा ना" म्हणायला लागल्या. मी कपाळाला आठ्या पाडून म्हणायचे, "बघते." मग आत जाऊन निवांत चहा प्यायचे. नाही म्हटलं की माणूस जास्तच मागं का लागतो? मला अजून उमगलेलं नाही.

मी उगाच इकडंतिकडं फिरतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कमलताई माझं पहिलं गिऱ्हाईक. मला धड हुक लावता येत नव्हते तेव्हा तिनं कोरं कापड माझ्या हातात दिलेलं. टेम्पोतून पडल्यापासून तिचा उजवा खांदा खाली उतरलाय. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर उजवीकडून ब्लाउज घसरतो. त्या बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, वेगळा कापावा लागतो — आणि मला तो जमायचा, कारण तिचीच कापडं बिघडवून मी शिकले होते. एकदाही बोलली नाही ती मला.

ती आली. लेकीचा साखरपुडा चार दिवसांवर, हातात जांभळं कापड. ओट्यावर दोन नव्या बायका बसलेल्या, नजर दोरीवर. कमलताईला हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही — याचंच तर नवल वाटतं मला. पण मी त्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, मान वर करायला सवड नाही. संक्रांतीनंतर बघू."

"व्हय का? बरं बरं," म्हणत तिनं कापडाची घडी पिशवीत घातली.

त्या बायका गेल्या. संध्याकाळ रिकामी. मशीन रिकामं. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडं. गेले का मी? नाही.

साखरपुड्याला मात्र गेले — नटूनथटून. कमलताईनं दुसरीकडून घाईत शिवून घेतलेल्या जांभळ्या ब्लाउजवर, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटला होता. होणाऱ्या जावयाला ओवाळताना एका हातात ताट, दुसरा हात पदरावर. ताट कललं, सुपारी गडगडत गेली, पोरं हसली. ती वाकली नाही. वाकणार कशी? फोटोवाला सारखा म्हणत होता, "मावशी, पदर जरा मोकळा सोडा ना." ती नुसती हसत होती. लेकीच्या सगळ्या फोटोंत ती तशीच आहे, थंडी वाजल्यासारखी. ते फोटो मी पाहिलेत. तिनंच दाखवले, चहा पाजून.

तेव्हाही त्या खोट्या चिठ्ठ्यांचं तिला सांगितलं नाही मी. तिला परत का पाठवलं, याला माझ्याकडं कारण नव्हतं, आजही नाही.

पण त्या मांडवात मी मागच्या रांगेत बसले होते, तिथं ती मला हुडकत आली. एका हातानं पदर धरलेला, दुसऱ्या हातात विहीणबाईंचा हात. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. टोमणा नव्हता. चांगली मिरवत होती ती मला. म्हणाली,

"विहीनबाई, ही आमची सुमन. बिलाउज शिवायचा तर हिच्याकडंच टाका. लई काम असतं तिला, माझा बी घेता आला न्हाई — पन माझं नाव सांगा, तुमचा शिवील ती."