पलीकडच्या काकांची राहिलेली दुरुस्ती

तुम्हाला कुणीतरी प्रश्न विचारला आणि मग खरोखर गप्प बसून तुमच्या उत्तराची वाट पाहिली, असं शेवटचं कधी झालं? आठवायला वेळ लागत असेल, तर तो दोष तुमचा नाही. विचारणारे आता थांबत नाहीत. पलीकडचे काका थांबायचे. "काय, कशी आहेस?" असं विचारून ते तुमच्याकडे बघत राहायचे. "मजेत" म्हणून निसटायची सोय नव्हती. "मजेत" झाल्यावरही ते तसेच उभे असायचे, चेहऱ्यावर घाई नाही, फोनकडे नजर नाही. मग आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं आणि तोंडातून खरं बाहेर पडायचं. मराठी मंडळाच्या दिवाळीत मसालेभाताच्या रांगेत मी त्यांना पहिल्यांदा भेटले. भात ताटात पडेपर्यंत मी त्यांना सांगून टाकलं होतं, की माझे पीएच.डी.चे गाइड ईमेलला उत्तर देत नाहीत, मला झोप लागत नाही आणि मला परत जावंसं वाटतं. हे मी तोवर आईलाही सांगितलं नव्हतं.

"हे असं थांबायला कुठे शिकलात?" मी नंतर विचारलं होतं.

"रेडिओकडून," ते म्हणाले. "आपल्या नाही. पलीकडच्या."

पलीकडे म्हणजे कॅनडात. आम्ही राहायचो त्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून पूर्वेला तासाभराच्या आत डेट्रॉइट, तिथे एक नदी, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर कॅनडाचं विंडसर. तिथल्या सार्वजनिक रेडिओच्या आणि टीव्हीच्या लहरी नदी ओलांडताना कुणाचा व्हिसा बघत नाहीत. काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. काकू गेल्यावर त्यांनी मराठीत एक ब्लॉग सुरू केला. त्याचं नाव 'पलीकडून'. त्यात एकच विषय: आज कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर काय ऐकलं, टीव्हीवर काय पाहिलं. अमेरिकेत राहून कॅनडाच्या रेडिओबद्दल मराठीत लिहिणारा माणूस. मंडळात त्यांची यथेच्छ चेष्टा व्हायची. एका बाईंना तर कित्येक वर्षं वाटत होतं, की हे विंडसर म्हणजे न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. "माझी मावसबहीण राहते की तिथे," त्या म्हणाल्या, "तिला सांगते तुमचा प्रोग्रॅम ऐकायला." काकांनी शांतपणे होकार दिला. "ऐकू द्या. काय ऐकू आलं ते मला कळवा."

त्यांच्या लिहिण्यात बातमी कमी आणि शांतता जास्त असायची. एक नोंद मला तोंडपाठ आहे. "आज एका कोळी बाईंना विचारलं, बंदर बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही काय केलंत? बाई गप्प. विचारणाराही गप्प. मी चहाचा कप खाली ठेवला. मग बाई म्हणाल्या, बूट घातले." एवढंच. खाली टिप्पणी नाही, तात्पर्य नाही. मी पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. आमच्याकडे युनियनची पत्रकं पाट्यावर वाटण वाटावं तितक्या नेमाने निघायची आणि तात्पर्य पहिल्याच ओळीत जाड टायपात असायचं. माझा एक लेख वाचून काका म्हणाले, "मजकूर चोख आहे. पण उद्गारचिन्हं केवढी गं? वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा?" तेव्हापासून ते मला पत्रकबाई म्हणायचे.

कार्यक्रमांच्या वेळा सांगताना पलीकडचे निवेदक शेवटी न चुकता सांगत, की न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा. ते ऐकलं की काकांचा चेहरा खुलायचा. "बघ, टोकाला एक बेट आहे, त्याचं घड्याळ सगळ्यांपेक्षा अर्ध्या तासाने वेगळं. आपल्या देशासारखंच. पण ते दर वेळी त्यांची आठवण ठेवतात. मोजकी माणसं आहेत म्हणून सोडून देत नाहीत." माळ्यावर त्यांनी स्वतः अँटेना बसवला होता, त्याचं तोंड पूर्वेला. नात सुट्टीत आली की तिला पलीकडचे लहान मुलांचे कार्यक्रम दाखवायचे. "यात मधे कुणी काही विकायला येत नाही. इथे पोर बोलायला लागायच्या आधी गिऱ्हाईक होतं." नात म्हणायची, "आजोबा, इट्स सो स्लो." काका म्हणायचे, "हो ना? किती छान."

मी त्यांच्याशी भांडले नाही असं नाही. "काका, तिथेही सरकार पैसे कापतं. तिथले लोकही त्या रेडिओला शिव्या घालतात. तुम्ही नदीच्या या काठावर बसून आरती ओवाळता."

काका नेहमीप्रमाणे थांबले. मीही थांबले, कारण तोवर मला सवय झाली होती.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी तिथला मतदार नाही, तिथे टॅक्स भरत नाही. फुकट ऐकतो. म्हणून निदान खरं तरी लिहावं. चांगलं असेल ते चांगलं, वाईट असेल ते वाईट. मी एवढंच देऊ शकतो त्यांना."

हे वाक्य लक्षात ठेवा. काकांना त्याची फार किंमत द्यावी लागली.

त्यांच्या घरात सगळं पलीकडच्या हिशोबाने चालायचं. थर्मामीटर सेल्सिअसमध्ये, हवेचा अंदाजही तिकडचाच. एका जानेवारीत विंडसरच्या निवेदिकेने पावसाचा अंदाज सांगितला. तळ्याच्या कुशीतल्या विंडसरला पाऊस पडला तेव्हा ॲन आर्बरला तोच पाऊस पडता पडता गोठत होता. काका छत्री घेऊन पत्रपेटीपर्यंत निघाले आणि ड्राइव्हवेच्या काचेसारख्या बर्फावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात मी रागावले, "शेजारचं स्टेशन लावलं असतंत तर कळलं नसतं का?" ते कळवळतच हसले. "अंदाज बरोबर होता गं. फक्त माझ्यासाठी नव्हता."

अमोल, त्यांचा मुलगा, ॲरिझोनात चँडलरला असतो, चिप बनवणाऱ्या कंपनीत. तो दुसऱ्याच दिवशी विमानाने आला, इस्पितळात खुर्चीत झोपला, डॉक्टरांशी भांडला. चांगला मुलगा आहे, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर राग धराल. "बाबा, आता पुरे. तिकडे बर्फ नाही, सगळं फ्लॅट आहे, खाली तुमची रूम रेडी आहे." काका म्हणाले, "तिथे पलीकडचं येत नाही." अमोल म्हणाला, "बाबा, सगळं ॲपवर येतं हो. कुठूनही." काका तयार झाले. मोडक्या हाडाच्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत. घर विकायला काढलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला रेडिओ मला दिला. "स्टेशन हलवू नकोस," एवढंच म्हणाले. विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी काचेशी उभी राहून रडले.

चँडलरला टीव्हीचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला. हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही, अशी पाटी आली आणि विषय संपला. राहिला रेडिओ. विंडसरची सकाळ चँडलरला पहाटेआधीच होते, म्हणून अमोलने त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आपोआप उतरायची आणि काका उठल्यावर ऐकायचे. 'पलीकडून' पुन्हा सुरू झाला. पण लिखाणाचा सूर बदलला होता. बाहेर लोक उन्हात अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत होते आणि हे लिहीत होते, "विंडसरला आज हलका बर्फ." मग तेही थांबलं. नोंदी तुटक होत गेल्या. "मुलाखत बरी. घाईची." "आज पुन्हा तेच." मला वाटलं, नवी जागा आहे, एकटेपणा आहे, होईल ठीक.

मग एक दिवस ती मोठी नोंद आली. सुरुवातच अशी होती: "तेही आता थांबत नाहीत." काकांनी लिहिलं होतं, की एका निवृत्त नर्सबाईंना विचारलं, पुन्हा तरुण झालात तर हीच नोकरी धराल का? प्रश्नाचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच बाईंनी उत्तर दिलं, पाठ केल्यासारखं. पुढे त्यांचेच शब्द: गेले कित्येक आठवडे मी हेच ऐकतो आहे. जगाच्या कटकटीतली एक जागा मी शिल्लक समजत होतो. ती गेली. सार्वजनिक असणं पुरत नाही, असं दिसतं. मी इतकी वर्षं तुम्हाला चांगलं सांगितलं, आता हेही सांगणं भाग आहे.

त्यांच्या आयुष्यात गाजलेली ही एकच नोंद. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून ती कुठल्या कुठे गेली. इथे अमेरिकेत त्याच सुमारास सार्वजनिक रेडिओचे सरकारी पैसे बंद झाले होते आणि काहींना तो आनंदाचा क्षण वाटत होता. त्यांच्या हातात आयतं कोलीत पडलं. काकांचं नाव गळलं, ब्लॉगचं नाव गळलं आणि वर मथळा चिकटला: सरकारी रेडिओचं खरं रूप, डोळे उघडा! ज्या माणसाने आयुष्यभर उद्गारचिन्ह वापरलं नाही, त्याच्या डोक्यावर ते बसलं. पुण्यातल्या माझ्या आत्याकडूनही मला ते फॉरवर्ड आलं. सोबत लिहिलं होतं, "वाच, किती खरं आहे."

पण ते खरं नव्हतं. ती नर्सबाईंची मुलाखत मी काकांच्याच रेडिओवर, प्रसारण चालू असताना ऐकली होती. 'हीच नोकरी धराल का' यानंतर इतकी लांब शांतता होती, की मला वाटलं स्टेशन गेलं. मी हातातली भांडी ठेवून रेडिओजवळ गेले होते. बाईंचा श्वास ऐकू येत होता.

मी फोन लावला. "काका, मधे शांतता होती. मी ऐकली."

"नव्हती गं. मी दोनदा ऐकलंय."

"होती. खूप होती. तुमच्या फोनमध्ये काहीतरी गडबड आहे."

काकांनी अमोलला हाक मारली. फोन स्पीकरवर होता. अमोल ॲप चाळत असावा, मग तो हळूच म्हणाला, "ओह नो." थोड्या वेळाने: "अगं, एक सेटिंग असतं. बोलण्यातले रिकामे गॅप्स ॲप कापून टाकतं. मी सगळ्याच फोन्सवर ऑन करतो, सवय आहे. बाबांचा टाइम वाचेल म्हणून..."

"टाइम वाचवून मी काय करणार होतो रे, अमोल?" काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर अमोलला सोपं गेलं असतं.

 मग काका म्हणाले, "म्हणजे ते थांबत होते."

"हो, काका."

"आणि मी जगभर सांगितलं की थांबत नाहीत."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुरुस्ती टाका, दोन ओळी, मी टाइप करून देते. ते तयार झाले नाहीत. "एकदा अर्धवट ऐकून लिहिलं. आता सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकतो, शांततेसकट. मग लिहितो. तुझी पत्रकं लगेच निघतात, माझं तसं नाही." ते सेटिंग बंद करून ते पहिल्यापासून ऐकायला बसले. अमोल सांगतो, की अधूनमधून ते मान हलवायचे आणि कागदावर कोण किती थांबलं ते टिपायचे. ते काम संपलं नाही. सकाळी सून चहा घेऊन गेली, तेव्हा कानात इयरफोन होते, मुलाखत चालू होती आणि काका नव्हते.

मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्याच आठवड्यात, त्याच ग्रुपवर, कुणीतरी ते जुनं फॉरवर्ड पुन्हा टाकलं. टाकणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, की ज्याच्यासाठी आपण काल हात जोडले त्याचंच हे लिखाण आहे. मला त्या माणसाचा राग आला नाही. मला त्या यंत्राचा राग येतो, जे माणसाच्या गप्प बसण्याला कचरा समजतं आणि न विचारता झाडून टाकतं. आणि त्यांचाही राग येतो, जे एका दुखावलेल्या माणसाचं दुःख उचलून सगळ्यांच्या मालकीची गोष्ट बंद पाडायला वापरतात.

अमोलने मला ब्लॉगचा पासवर्ड देऊ केला. तूच दुरुस्ती लिही म्हणाला. मी घेतला नाही. ती जागा काकांची आहे, तिथे त्यांच्या तोंडी शब्द घालायचा अधिकार मला नाही. म्हणून ही दुरुस्ती मी माझ्या जबाबदारीवर इथे लिहिते आहे. पण ते फॉरवर्ड जिथे जिथे पोहोचलं, तिथे मी एकटी पोहोचू शकत नाही. ते काम तुमचं आहे.

तुमचा फोन उघडा. 'तेही आता थांबत नाहीत' हे शब्द शोधा. सापडले, तर तुम्ही ते ज्याला ज्याला पाठवलंत त्या प्रत्येकाला आज लिहा, की हे चुकीचं होतं, लिहिणाऱ्याला ते कळलं होतं, आणि शेवटच्या श्वासापर्यंत तो ते दुरुस्त करत बसला होता.