विहिरीतली नायिका

समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरून ती त्याचं तोंड उजेडाकडे वळवायची. नवरदेव असो, नवरीचा मामा असो, नाहीतर स्टेजवर चढलेला आमदार. विचारणं वगैरे भानगड नाही. "इकडे पाहा. अंधारात कोनीच चांगलं दिसत नाई," एवढं म्हणायची आणि कॅमेऱ्याला डोळा लावायची.

तुमच्यापैकी कुणाचं लग्न अमरावतीत झालं असेल तर तुम्ही तिला पाहिलं असण्याची शक्यता आहे. सैल कुर्ता, पायात पुरुषी बूट, खांद्यावर कॅमेरा. राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. ती लग्नं शूट करायची आणि मी ती कापून जोडायचो. वयानं माझ्यापेक्षा लहान, तरी सगळे तिला ताई म्हणायचे, मीसुद्धा.

परतवाड्याच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा मांडवभर बोलत फिरले, की बाईमाणसानं पुरुषांत असा कॅमेरा घेऊन हिंडणं शोभत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग कॅमेरा त्यांच्याकडे वळवून शांतपणे म्हणाली, "मामाजी, पोट आत घ्या, तुमचंच शूटिंग करून रायली." त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती जिकडे वळेल तिकडे मामा श्वास रोखून उभे. ते चित्रीकरण कापताना मी एकटाच हसत बसलो होतो.

ती नांदगाव खंडेश्वरची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वस्तीतला पहिला टीव्ही त्यांच्या घरी, बाबासाहेबांच्या फोटोखाली. त्या टीव्हीवर तेव्हा एक मालिका लागायची. तोंडाला ओढणी बांधून सायकलवर फिरणारी एक बाई, गावोगावच्या गुंडांना धडा शिकवणारी. वस्तीतली सगळी पोरं समोर मांडी घालून बसायची. एका भागात गुंडांनी त्या बाईला विहिरीत ढकललं आणि भाग संपला. पुढच्या आठवड्यात मालिका लागलीच नाही. बंद पडली. का, ते कुणी सांगितलं नाही.

"तिले कोनी बाहेर काहाडलंच नाई, भाऊ," चहा पिता पिता ती मला म्हणाली होती. शेजारच्या घरातली बातमी सांगावी तशी. मी हसलो, तर तिनं कप खाली ठेवला. ती हसत नव्हती.

पुढं तिनं त्या मालिकेवर सिनेमा करायचा ठरवला, म्हणजे त्या बाईला विहिरीतून काढायचं ठरवलं. तासाभराचा सिनेमा, तिकीट नाही, जाहिरात नाही, इंटरनेटवर सगळ्यांना फुकट. त्यासाठी तिनं लोकवर्गणी मागितली. "जयंतीले मांगतो तशी मांगायची, लाज कायची," म्हणाली. तिनं एक साधं निवेदन इंटरनेटवर टाकलं आणि आम्हाला वाटलं नव्हतं तितकी माणसं निघाली. विहिरीपाशी अडकून मोठी झालेली माणसं. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी दुबईत, कुणी इथंच अकोल्याला बँकेत. आमच्या चौकातल्या फुलवालीनं पैशांऐवजी सिनेमातल्या शेवटच्या मिरवणुकीसाठी झेंडूच्या माळा कबूल केल्या.

नायिकेच्या कामासाठी तिनं अचलपूरहून एसटीच्या निवृत्त कंडक्टरबाई शोधून आणल्या. आवाज असा, की मागच्या सीटवर झोपलेला जागा व्हावा. मूळ मालिकेतली नायिका पुस्तकातलं मराठी बोलायची. ही वऱ्हाडी बोलणार होती. मी विचारलं, लोकांना चालेल का? ती म्हणाली, "इतके वर्सं इथल्याच इहिरीत रायली ना ते? मंग इथलंच बोलन."

अचलपूरजवळच्या एका संत्र्याच्या बागेत विहीर मिळाली. कंडक्टरबाईंना दोर बांधून उतरवलं. त्या पिकल्या केसांनी, भिजल्या लुगड्यात वर आल्या, काठावर हात टेकून बसल्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या, "माही सायकल कुठी हाय?" ताईच्या कॅमेऱ्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी नंतर काढून टाकला नाही.

झलक इंटरनेटवर टाकली आणि ती पसरली. मग मुंबईच्या एका कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. वाचायच्या आधी ताईनं पेढे आणले होते. तिला वाटलं, त्यांना आवडलं असणार.

ती नोटीस होती. त्या बंद पडलेल्या मालिकेचे हक्क कंपनीनं कधीतरी जुन्या मालिकांच्या ढिगासोबत विकत घेतले होते. ताईनं साधं उत्तर पाठवलं, की आम्ही विकत काही नाही, तुमचं नाव सुरुवातीला मोठ्या अक्षरात देतो. त्यांनी मुंबईच्या कोर्टात दावा लावला आणि नुकसानभरपाई मागितली. तो आकडा वकीलसाहेबांनी वाचून दाखवला तेव्हा ताईनं पुन्हा वाचायला सांगितलं.

आमचे वकीलसाहेब सरळ माणूस. कायदा कंपनीच्या बाजूनं आहे, म्हणाले. असेल. मी कायद्याशी भांडत नाही. ज्याचं आहे त्याचं आहे. पण ज्यांनी ती बाई इतकी वर्षं विहिरीत पडू दिली, एकदा डोकावूनही पाहिलं नाही, त्यांचं कसलं नुकसान झालं ते मला कुणीतरी समजावून सांगा. त्यांच्याकडे मालिकेच्या फिती नव्हत्या. पुरावा म्हणून त्यांनी कोर्टात जो भाग जोडला त्याच्या खालच्या बाजूला एक पांढरी रेघ थरथरत होती. ताईनं ती ओळखली. तिच्याच वडिलांनी भरून ठेवलेली कॅसेट होती ती. तिनंच चाहत्यांसाठी इंटरनेटवर टाकली होती. म्हणजे जी वस्तू त्यांनी जपली नाही ती हिनं जपली, आणि तीच हिच्याविरुद्ध उभी केली.

प्रत्येक तारखेला ती मुंबईला जायची. एकदा मी सोबत होतो. कंपनीचे वकील म्हणाले, की या चित्रपटात पात्राच्या तोंडी गावंढळ बोली घातल्यानं पात्राची प्रतिष्ठा खालावली आहे. गावंढळ. माझी आई जी बोलायची ती. कोर्टाबाहेर आल्यावर मी शिव्या देत होतो, आणि ताई भिंतीकडे पाहत होती. मग म्हणाली, "इहिरीत ढकलून देल्लं, तवा नाई गेली का तिची इज्जत?"

शेवटी तिनं तडजोडीवर सही केली. दुसरा रस्ता ठेवला नव्हता. वडिलांची पेन्शन वकिलीत जात होती. अटी अशा, की सिनेमा पुसायचा, त्यात जे जे नवीन होतं तेही कंपनीचं, आणि तिनं आपलं नाव त्या पात्राशी पुन्हा कुठंही जोडायचं नाही.

पुसायच्या दिवशी कंपनीचा माणूस स्टुडिओत आला. पन्नाशीचा, सभ्य. ताई त्याला म्हणाली, पुसायच्या आधी एकदा पाहू द्या. तो बसला. कंडक्टरबाई आल्या, फुलवाली आली. सिनेमा एवढ्याच माणसांनी पाहिला. संपल्यावर तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "फार छान केलंय हो."

"मंग कोर्टात सांगा ना," ताई म्हणाली.

त्यानं पावतीचा कागद काढून टेबलावर ठेवला. मी माऊसकडे हात नेला, तर तिनं माझा हात बाजूला सारला. तिनं स्वतः पुसलं, सगळं, एकेक फाइल. कंपनीच्या माणसानं पावतीवर सही घेतली आणि जाताना पाणी मागितलं. मी दिलं नाही. कंडक्टरबाईंनी दिलं.

महिन्याभरात तिनं कॅमेरा विकला आणि अकोल्याला बहिणीकडे गेली. तिथं एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते असं कळलं.

आणि मग या वर्षी त्याच कंपनीची नवी मालिका आली. सायकलवाली परत आली आहे, अशी जाहिरात. मी झलक पाहिली. पिकल्या केसांची नायिका विहिरीच्या काठावर हात टेकून वर येते आणि वऱ्हाडीत विचारते, सायकल कुठं आहे. तेसुद्धा धड नाही. मुंबईच्या नटीच्या तोंडी 'मले' आणि 'मला' एकाच वाक्यात. जी बोली कोर्टात गावंढळ होती, ती आता जाहिरातीत मातीतली बोली झाली होती.

प्रसिद्धीसाठी ते अमरावतीत आले. हॉल भरला होता. मी हात वर करून माइक घेतला आणि विचारलं, ही कल्पना कुणाची? निर्माते म्हणाले, आमच्या टीमनं खूप संशोधन केलं. मी ताईचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अचलपूरची विहीर सांगितली. कुणीतरी माइक ओढून घेतला, तरी मी बोलत राहिलो. मागच्या काही खुर्च्यांवरून टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा घेत मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मी तिचं नाव घेतलं तिथं आलो, तसा तिचा चेहरा उतरला. तिनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं.

"माहं नाव काहून घेतलं, भाऊ?" ती अगदी हळू म्हणाली. "सही केली ना मी त्याईच्या कागदावर. पुन्हा बोलावलं तर? बाबाले आता कोर्ट झेपत नाई."

मांडवभर पुरुषांना पोट आत घ्यायला लावणारी बाई ती. माझ्यासमोर बसून माझ्याकडून वचन घेत होती, की यापुढं तिचं नाव कुठं घेणार नाही, लिहिणार नाही.

मी वचन दिलं. ती चहा अर्धा टाकून खिडकीवर परत गेली.

हे लिहिताना सुरुवातीलाच मी तिचं नाव लिहिलं होतं. मग खोडलं.