दाराशी फिरणारा खांब

त्या दुपारी आम्ही वाटाणे सोलत बसलो होतो. म्हणजे सोलत मी होतो, बायको लायब्ररीतलं पुस्तक सांगत होती. मला इंग्लिश बोलता येतं, वाचता येत नाही. चौथीत शाळा सुटली. लीड्समध्ये विटा रचण्यात जन्म गेला, म्हणून ती माझ्यासाठी इमारतींची पुस्तकं आणायची आणि मराठीत सांगायची.

हे पुस्तक इस्तंबूलच्या एका मशिदीचं. साडेचारशे वर्षांपूर्वी सुलतानाने बांधलेली. एवढा थोरला घुमट, पण मधोमध एक खांब नाही. पुढून-मागून अर्धे घुमट टेकू देतात, भार उतरत उतरत चार जाड खांबांवर येतो. दगडाला दगड लोखंडी पकडीने जोडलेला, वरून शिसं ओतलेलं. पाया भरून तसाच ठेवला होता, बसू दे म्हणून. ही अक्कल आमच्या साइटवर कोणाला नव्हती.

मग दाराशेजारचा बारीक खांब आला. त्याच्यावर भार नाही, हाताने फिरवला की फिरतो. भूकंपानंतर फिरला, तर इमारत जागेवर आहे. अडकला, तर कुठंतरी खचली.

"थापा," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही नाही का भिंतीला काच चिकटवलीत? तेच की हे. तुमच्या बांधकामाला असा खांब लावला असता, तर पहिल्याच दिवशी अडकला असता."

मागच्या भिंतीला तडा आहे. त्यावर मी काचेची पट्टी प्लास्टरने बसवली होती. भिंत सरकली की काच तडकते. रोज सकाळी चहाआधी बघायला जायचो. आतून ती विचारायची, "फुटली का?"

"जाऊन फिरवून बघू तो खांब," ती म्हणाली. "पण मशीद टेकडीवर आहे, तो चढ नको बाई. हल्ली जिन्यातच दम लागतो."

"वय झालं तुझं," म्हणालो आणि वाटाणे घेऊन आत गेलो.

दिवेलागणीला ती जिन्यात पडली. अँब्युलन्सवाल्यांनी खूप वेळ छाती दाबली. हृदय कित्येक महिने थकत आलं असणार, असं डॉक्टरीण म्हणाली. महिने. आणि मी रोज भिंत बघत होतो.

दुःख हळूहळू कमी होतं म्हणतात. माझं झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मागे गेलो. काच शाबूत. भिंत केसभर हलली नव्हती. आतून कोणी विचारलं नाही. मग शेडमधून थापी आणली आणि थापीच्या मुठीने ती काच फोडून टाकली.