आबांनी न प्यायलेल्या स्मूदी

आमच्या घरात काही गोष्टी आपोआप साठत जातात. प्लास्टिकच्या पिशव्या, जोडीदार हरवलेले मोजे, जुन्या लग्नपत्रिका आणि आबांचे किस्से. पिशव्या तरी मी अधूनमधून टाकून देते, किस्से कुठे टाकणार? स्टाफरूममध्ये डबा उघडला की मैत्रिणी विचारणारच, "काय गं, आबा काय म्हणतात?" मी सांगत सुटते आणि माझी भाजी गार होते.

यंदाच्या उन्हाळ्यातले सगळे किस्से स्मूदीचे आहेत.

झालं असं, की माझे सासरे, म्हणजे आबा, दात काढायला सोलापुरात आले. आमचं गाव जेऊरजवळ. सासूबाई तिथेच राहिल्या, कारण शेळ्यामेंढ्या काही सुट्टी देत नाहीत. आबांचे उरलेसुरले दात एकदाचे निघाले. हिरड्या भरल्यावर कवळी बसवायची, तोवर मुक्काम आमच्या फ्लॅटवर.

डॉक्टर म्हणाले, "सध्या फक्त पातळ द्या. दाणे, कण काही नको, जखमेत अडकतात. आणि हे बघा, वजन आधीच कमी आहे. आणखी उतरलं तर अ‍ॅडमिट करून सलाईन लावावं लागेल."

सलाईन म्हटल्यावर आबांचा चेहरा उतरला. त्यांचे थोरले भाऊ सलाईन लावायला म्हणून दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून आबांना त्या बाटलीची धास्ती. रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाले, "सूनबाई, काय बी कर, पन मला तितं निजवू नकोस."

मी म्हटलं, "तुम्ही फक्त मी देईन ते प्या."

इथेच माझं चुकलं असावं!

*

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी पहिली स्मूदी केली. दोन केळी, एक चिकू, भिजवलेला खजूर आणि गार दूध. काचेच्या उंच ग्लासात ओतली. इतकी देखणी झाली होती की मी आधी फोटो काढला.

आबांनी ग्लास हातात घेऊन उजेडात धरला.

"ह्ये काय हाय?"

"स्मूदी. ताकद येते."

"आनि जेवन?"

"हेच जेवण."

आबांनी माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. "आई मेलेल्या कोकराला आमी बाटली लावतो. पयल्या दिशी त्ये बी तोंड फिरवतंय. मी तर मानूस हाय!"

दोन घोट घेतले आणि ग्लास परत. टाकून कसं द्यायचं, म्हणून माझ्या नवऱ्याने, संतोषने, तो संपवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. स्मूदीने ताकद येते हे मात्र खरं. त्या आठवड्यात संतोषची पँट कमरेत घट्ट झाली!

*

समोरच्या फ्लॅटमध्ये लक्ष्मीअक्का राहतात. घरचं तेलुगू, टॉवेल विणण्याचा जुना धंदा. आता मुलगा-सून नोकरीला जातात आणि अक्का दिवसभर एकट्या. चतुर्थीला मी स्मूदी करत होते, तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अय्यो, मला पण दे की थोडं. पण त्यात ते काळं काळं काय आहे? उपासाला चालतं का?"

ते चिया सीड्स होते. मी म्हटलं, "सब्जा चालतो, मग हेही चालायला पाहिजे." संतोष म्हणाला, "चिया परदेशातला आहे, त्याला उपवासाचे नियम कुठले माहीत?" वाद वाढला. अक्कांचा ग्लास तसाच हातात.

शेवटी आबांनी निकाल दिला. "आमच्या आईनं उपासाला काय काय चालत न्हाय, ते समदं सांगून ठिवलंया. त्यात ह्येचं नाव न्हवतं. म्हंजी चालतंय की!"

अक्कांनी समाधानाने ग्लास तोंडाला लावला. मी संधी साधली आणि बिया गाळलेला दुसरा ग्लास आबांपुढे धरला. "घ्या मग तुम्हीही!"

"मला न्हाय चालत."

"अहो, आत्ताच चालतं म्हणालात!"

"साध्या उपासाला चालतंय. माजा कडक हाय!"

*

एका रविवारी सकाळी मी मिक्सरच्या भांड्यात शेंगाचटणी केली. भरपूर लसूण आणि वर तिखट. सोलापुरात राहून चटणी उखळात न कुटता मिक्सरमध्ये करते हे अक्कांना कळलं तर माझ्याशी बोलायच्या नाहीत, म्हणून दार लावून करते. नंतर भांडं धुतलं. म्हणजे धुतलं असं मला वाटलं.

त्याच भांड्यात पपईची स्मूदी केली. आबांनी नेहमीसारखा, माझ्या समाधानासाठी म्हणून, एक घोट घेतला. थांबले. डोळे मिचकावले. आणि घटाघटा अर्धा ग्लास पिऊन टाकला!

मला रडूच यायला लागलं. मी संतोषला हाका मारल्या, "अहो, आबा पितायत बघा!"

संतोषने उरलेल्यातला घोट घेतला आणि तो थेट बेसिनकडे पळाला. पपई, दूध, मध आणि लसूण!

आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बिचाऱ्यांच्या हिरड्या चुरचुरल्या असणार. पण चेहरा खुललेला. म्हणाले, "आज जरा चव लागली बग!"

दुसऱ्या दिवशी मी भांडं दोनदा साबणाने घासलं आणि स्वच्छ स्मूदी दिली. आबांनी वास घेऊन ग्लास खाली ठेवला. "रोज रोज चांगलं जमत न्हाय मान्साला. असूंदे."

*

पुढच्या तपासणीला आबा भर उन्हात घोंगडं खांद्यावर टाकून निघाले. मी म्हटलं, राहू दे, म्हाताऱ्या माणसाची सवय.

डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. वजन चक्क वाढलं होतं! मी खूश. डॉक्टर मात्र घोंगड्याकडे बघत होते. "आजोबा, हे काढा. आणि खिसे रिकामे करा."

बंडीच्या खिशातून अडकित्ता निघाला. चुन्याची पितळी डबी निघाली. आमच्या गॅलरीचं मोठं कुलूप निघालं, ते मी आदल्या दिवसापासून शोधत होते! घोंगड्याच्या घडीत तर संतोषच्या व्यायामाचं डंबेल निघालं.

डॉक्टर हसून हसून खुर्चीत बसले. सगळं उतरवल्यावरचा आकडा बघून मात्र त्यांचं हसू थांबलं. "उतरलंय. हिरड्या बऱ्या आहेत, पण पोटात काही जात नाही. पंधरा दिवस देतो. असंच राहिलं तर मग ऐकणार नाही."

आबांनी सामान पुन्हा खिशात भरलं.  घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाले, "डागदर लई बारीक बगतोय."

मला त्या रात्री झोप लागली नाही. पोरांना वर्गात डबा संपवायला लावणारी बाई मी. माझ्याच घरातला माणूस उपाशी राहत होता आणि मला काही करता येत नव्हतं. त्याचा मला रागही येत होता, खोटं कशाला बोलू?

*

त्यातच पाहुणे आले. सासूबाईंचे भाऊ, माळशिरसचे मामा, आबांना बघायला म्हणून दुपारच्या उन्हात येऊन टेकले. मी द्राक्षं आणि डाळिंबाची गारेगार स्मूदी पुढे केली. म्हटलं, मामा पितील ते बघून तरी आबा पितील.

मामांनी ग्लास एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. "ब्येस हाय!"

मी आबांकडे विजयी नजरेने बघितलं. अर्धा तास गप्पा झाल्या. मामा काही हलेनात. सारखी नजर स्वयंपाकघराकडे.

शेवटी आबा मला म्हणाले, "अगं, त्यो च्याची वाट बगतोय!"

चहा दिला. चहा होताच मामा उठले. रात्री सासूबाईंचा फोन. "का गं, ह्यांना काय पाजतीयास तू? दादा म्हनत हुता, तितं नुसतं रंगाचं पानी देत्यात, च्या बी मागून घ्यावा लागतोय!"

*

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली. मी सहालाच घर सोडायचे, संतोष साडेआठला. म्हणून मी पहाटे उठून मोठी बरणी भरून स्मूदी फ्रीजमध्ये ठेवायला लागले. आबांना सांगून जायचे, "वाटेल तेव्हा थोडी थोडी घ्या." घेणार नाहीत याची खात्रीच होती.

दुपारी आले तर बरणी रिकामी! धुऊन पालथी घातलेली!

"आबा, प्यायलात?"

"न्हाय."

"मग गेली कुठे?"

"संपली की."

दुसऱ्या दिवशीही तसंच. मला संशय आला. गॅलरीतल्या कढीपत्त्याची माती बोट घालून बघितली. बेसिनचा वास घेतला. एक दिवस शिल्लक पपई दुधात फिरवून ठेवली, ती दुपारपर्यंत कडूजहर झाली. पपई दुधात ठेवू नये हे मला तेव्हा कळलं. आणि त्या दिवशी बरणी भरलेलीच्या भरलेली राहिली.

संतोष म्हणाला, "म्हणजे ओतून देत नाहीत. ओतून देणारा माणूस आधी चव कशाला बघेल?"

"मग माझ्यासमोर का घेत नाहीत?" मी रविवारी मुद्दाम समोर बसून ग्लास दिला. दोन घोट आणि ग्लास परत!

*

पंधरा दिवसांनी पुन्हा डॉक्टर. या वेळी त्यांनी काट्यावर चढवायच्या आधीच ट्रे पुढे केला. "आजोबा, सामान इथे."

आबांनी ऐटीत दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. चुन्याची डबी तेवढी ट्रेमध्ये ठेवली आणि काट्यावर उभे राहिले.

वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी काटा हलवून बघितला, आबांना उतरवून पुन्हा चढवलं. तेच! हिरड्या बघितल्या. "छान भरल्यात. कवळीचं माप घेऊ या. सलाईनचं काही काम नाही आता."

मग माझ्याकडे वळले. "काय देता हो यांना?"

मी घसा साफ करून सांगायला लागले. केळी, चिकू, खजूर, दूध. डॉक्टरांनी चक्क लिहून घेतलं! म्हणाले, "दुसऱ्या पेशंटनाही सांगतो."

आबा छताच्या पंख्याकडे बघत होते.

*

आणि मग परवाचा हा किस्सा. परीक्षेचा शेवटचा पेपर, शाळा लवकर सुटली. अकराच्या सुमाराला जिना चढून वर आले, तर आमच्या दाराला कुलूप.  एवढ्या उन्हात आबा कुठे गेले?

तेवढ्यात समोरच्या दारातून आबांचा आवाज आला. लक्ष्मीअक्कांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

खाली टॉवेल अंथरून दोघं समोरासमोर जेवायला बसलेले. दोघांपुढे स्टीलची ताटं. मधे माझी बरणी, आणि तिच्या शेजारी कडक भाकरीची चवड. अक्का भाकरी हाताने बारीक चुरत होत्या, तिच्यावर वाटीने माझी स्मूदी घालत होत्या, आणि भिजून मऊ झालं की आबा बोटांनी कालवून घास घेत होते. चांगले मोठे घास. शेवटी ताट बोटाने पुसून घेतलं. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना असं जेवताना बघितलं नव्हतं.

"अय्यो, आली की ही!" अक्का दचकल्या.

मला आनंद झाला होता, पण तोंडातून निघाला तो रागच. "आबा! पहाटे उठून मी करते. माझ्या हातून दोन घोटांच्या पुढे घेत नाही तुम्ही. आणि इथे येऊन रोज सगळं संपवता?"

आबांनी शांतपणे बोटं चाटली.

"तू पाजतीस," ते म्हणाले. "अक्का वाढतीया."

मी पर्स खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले.  अक्कांनी मान खाली घातली आणि उगीचच बरणीचं झाकण लावलं.

आबांनी टॉवेलवर थोडं सरकून जागा केली. चवडीतली एक भाकरी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"बस. बारीक चूर. ही माजी दुसरी हाय, ती तू वाढ."