उसन्या सायकलची सीट

मी प्रवासात स्वतःची सायकल नेत नाही. एकदा विमानातून नेली, खोकं उघडलं तर चाक वाकडं. तेव्हाच कानाला खडा लावला. जिथे शर्यत, तिथे उसनी सायकल. मला कोणतीही सायकल द्या, अर्ध्या तासात ती माझी करते. हा माझा माज आहे आणि पन्नाशीला आले तरी तो उतरलेला नाही. शिंप्याची टेप, पान्यांचा जुडगा आणि पांढरी चिकटपट्टी एवढं सामान पुरतं.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याजवळ ट्रायथलॉन होती. तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. पोहण्याची काळजी नव्हती. मी मूळची सांगलीची, कृष्णेत पोहतच वाढलेली. सायकल मिळाली पाटणच्या रस्त्यावरच्या एका गावात. मालक मिलिटरीत, पंजाबात. फोनवर म्हणाला, "न्या ताई. माजा गुडघा गेलाय. दोन सुट्ट्या बघितलं, आता सोडलं. आवडली तर घेऊनच टाका."

ट्रॅक्टरशेजारी चादर पांघरून ती उभी होती. काळी, कार्बनची, पुढे कोपरं टेकून ओणवं व्हायला दांडे. पाहताक्षणी जीव जडला तिच्यावर. नागपूरच्या घरी गॅलरीत ती कुठे ठेवायची, हेही ठरवून टाकलं.

मालकाचे वडील माझ्याभोवती घुटमळत होते. गावात ते ट्रॅक्टर राखण्याबद्दल प्रसिद्ध. "लय जपलीया बगा," म्हणाले. मी टेपने मोजून सीट माझ्या उंचीला बसवली, सीटखालच्या दांड्याला चिकटपट्टीची खूण केली आणि निघाले.

चाळीस किलोमीटर झाले आणि दोन्ही गुडघे पुढून ठणकायला लागले. मला, गुडघेदुखी? मी चरफडतच परत आले, दमलेल्या पायांना चार शिव्या घातल्या आणि सीट पुन्हा मोजलीही नाही. माज म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर काका सीटखालचा दांडा बाहेर काढून पुसत बसलेले, शेजारी ग्रीसचा डबा.

"काका, हे काय?"

"आवं, तुमी काल उतरताना सीट खाली करून ठिवलीती. ती वर करतोय. पोरगंबी तसंच करायचं. रोज खाली करून यायचं, मी रोज ग्रीस मारून त्याच्या खुणंला लावून ठिवायचो."

"उतरताना मी सीटला हातच लावला नाही, काका."

कार्बनच्या दांड्याला ग्रीस लावलं की तो कितीही आवळा, वजनाने हळूहळू खाली सरकतो. सीट खाली गेली की सगळा भार गुडघ्यावर. पोरगा रोज बरोबर उंचीवर बसून निघत होता आणि दुखऱ्या गुडघ्याने परतत होता.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सायकल माझीच होणार होती. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. मग मी सगळं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही, तसंच सांगितलं.

काका ट्रॅक्टरच्या पायरीवर बसले. "दोन सुट्ट्या," ते म्हणाले, "पोरगं माज्याम्होरं गुडघ्याला तेल चोळत बसलं. आन मी म्हनायचो, आता वय झालं तुजं, सोड की."

मला फार वाईट वाटलं. मी स्पिरिटने दांडा आणि तो ज्यात बसतो ती नळी आतून-बाहेरून कोरडी केली, सीट बसवली आणि ऊसतोडीच्या गाड्या चुकवत वीस किलोमीटर जोरात मारून आले. सीट केसभरही हलली नव्हती. गुडघेही गप्प होते.

"फोन लावा," काका म्हणाले. "तुमी नगा बोलू. माजं मी सांगतो."

मी फोन स्पीकरवर ठेवला.

"तुजा गुडघा चांगला हाय रं," ते म्हणाले. "मी सीटला ग्रीस मारत हुतो, ती सरकायची. माजं चुकलं."

रेंज गेली असं वाटून काका दोनदा हॅलो हॅलो ओरडले. मग तो बोलला.

"आबा, ताईंस्नी म्हणावं, शर्यत मारा बिनघोर. पर सायकल विकायची न्हाई."