बंबाखूचं बी

साल दोन हजार पंचवीस. मी बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळं लिहिताना हात अडतो, पण नुसतं बसण्यापरीस हे बरं.

बसवत नाही, हेच माझं दुखणं. मी तरणा होतो तेव्हा निपाणीच्या आमच्या शिवारात जिकडं बघावं तिकडं तंबाखू. तंबाखूला रोज माणूस लागतो. शेंडे खुडा, फुटवे खुडा, पान तयार झालं का बघा. चिकानं हात काळे व्हायचे, पण रिकामे नसायचे. मग लेक बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागला आणि रानात ऊस आला. उसाला पाणी सोडलं की माणूस घरी. पंधरा-सोळा वर्षं झाली, मी दार ते परस, परस ते दार करतोय.

गेल्या दिवाळीला विहिरीकडचा तुकडा मोकळा झाला. मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, येत्या पावसाळ्यात तिथं तंबाखू लावणार.

लेक म्हणाला, "आप्पा, बंबाखूनं खाल्लेलं रान हाय त्ये. माघात ऊसच लावूया."

बंबाखू म्हणजे तंबाखूच्या मुळावर जगणारं तण. त्याला पान नाही, हिरवेपणा नाही. बुडाशी फिकट कोंब निघतो, जांभळी फुलं येतात आणि वर तंबाखू सुकत जाते.

"इतकी वर्षं तंबाखूच न्हाय, मग त्ये खाऊन जगंल काय? कवाच मेलं," मी म्हणालो.

नात धारवाडला झाडांचंच शिकते. ती मधे पडली. "आप्पा, त्याचं बी धुळीएवढं असतंय, पन लई चिवट. मुळाचा वास लागल्याबिगर उगवतच न्हाय. तवर पडून ऱ्हातंय."

"बियाला नाक हाय व्हय गं?"

"हाय म्हणा की."

तिनं सांगितलं ते असं. तंबाखूचं मूळ मातीत वास सोडतं, ते आपल्या उपयोगाच्या बुरशीला बोलवायला. तो वास हे तण चोरून हुंगायला शिकलं. तसलं एक नाक म्हणे साध्या झाडांच्या बियांतही असतं, पण ते दुसऱ्या कामाचं. ह्याच्यात पिढ्यान्‌पिढ्या त्या एका नाकाची कैक नाकं झाली आणि ती परक्या मुळाकडं वळली. शास्त्रज्ञांना हे अलीकडंच उमगलंय.

मला काही पटलं नाही. मग तिनं दोन कुंड्या मांडल्या. एकीत परसातली माती, जिला तंबाखू कधी लागलीच नव्हती. दुसरीत त्या तुकड्यातली. ती माती मी स्वतः आणली, आणि जिथं बंबाखू सगळ्यात जास्त माजायचा तिथलीच आणली. चोरी करून जिंकणाऱ्यातला मी नाही. दोन्हीत तिनं तंबाखूची रोपं लावली. ठरलं, कोंब दिसला तर तंबाखूचं नाव काढायचं नाही.

ती गेली धारवाडला आणि माझ्या मागं कुंड्या लागल्या. उन्हात सरकवायच्या, सावलीत आणायच्या, बोटानं माती चाचपायची. जेवताना उठून बघायचं. बायको म्हणायची, "अवो, कुंडीत बाळ निजवलंय का? जरा दम धरा, न्हायतर त्ये उठंल."

पौष सरला तरी काही नाही. मी भेटेल त्याला तंबाखू सांगत सुटलो.

माघात एका रविवारी तोंड धुताना बघितलं, तर दुसऱ्या कुंडीत रोपाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा कोंब. फिकट, पिवळसर. लेक दुपारच्या गाडीनं येणार होता. मी इकडं तिकडं बघितलं आणि कोंबाला चिमटीत धरलं.

मागनं बायको बोलली, "उपटा की. कुंडीतला उपटाल. रानातला कोन उपटनार?"

मी चिमूट सोडली.

लेक आला, वाकून बघितलं. हसला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "उसाच्या बेण्याचं सांगून ठेवतो मग," म्हणाला.

मी नातीला फोन लावला. "त्याला मारायचं कसं, त्ये सांग."

"मूग लावा, आप्पा. मुगाच्या मुळाचाबी तसलाच वास. बी फसून उगवतंय, पन मुगाला चिकटायला येत न्हाय. उपाशी मरतंय. फकस्त एका पिकात न्हाय संपायचं. वर्षं जातील."

मी लेकाला सांगितलं, "तंबाखू न्हाय म्हणजे न्हाय, शब्द दिलाय. पन ऊस लावतो असं मी कवा म्हनलं? मूग लावनार. म्होरल्या वर्षी परत मूग."

"आप्पा, तुमचं वय काय, बोलताय काय?"

"त्ये बी इतकी वर्षं बसून ऱ्हायलं. मला तर फिरत ऱ्हायचंय. जमंल की."

बायको चुलीपुढनं म्हणाली, "लावू दे रं. घरात पायात पायात तरी येनार न्हाईत."

रात्रभर तळमळलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच धोतराच्या ओच्यात मूग घेतला, विहिरीकडच्या तुकड्यात गेलो आणि जिथनं कुंडीची माती उचलली होती, तिथनंच टोकायला सुरुवात केली.